संगीत विभागात जायचं म्हणतेस तर

सांगलीतून कोल्हापूरला, विद्यापीठात गाणं शिकायला जायचं म्हणतेस, जरूर जा. शिवाजी विद्यापीठ 1962 सालचं, कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांचं. संगीत आणि नाट्यशास्त्र तिथे एकाच विभागात आहे. पात्रता, फी, तारखा विभागातच जाऊन विचार. ऐकीव माहितीवर बसू नकोस.

आता खरं काम. तुझा गळा तयार आहे, पण थिअरीत दांडी उडते ती बहुतेकांची, अगदी विशारद परीक्षा पास झालेल्यांचीसुद्धा. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांचा सराव कामी येतो, पण विद्यापीठाचं लेखन वेगळं. पलुस्कर आणि भातखंडे, दोन्ही स्वरलिपी, म्हणजे स्वर लिहिण्याच्या पद्धती, आत्ताच हाताखालून घाल. स्वराच्या डोक्यावर टिंब दिसलं की भातखंडे पद्धतीत तो तार, म्हणजे वरच्या सप्तकातला, पलुस्कर पद्धतीत मात्र मंद्र, म्हणजे खालच्या! कुठली पद्धत आहे ते आधी बघ, मगच तोंड उघड.

रियाजाला मोबाईलवरचा तंबोरा चालेल, माझी ना नाही. पण जुळवायला खरा हवा. मालकंस रागात पंचम (प) नाही, म्हणून पहिली तार मध्यमात (म) लावतात, हे कानाला कळायला खुंटी स्वतः पिळावी लागते. तारेखालचा जवारीचा दोरा, म्हणजे तंबोऱ्याला गुंजन देणारा, केसभर सरकवला की आवाज कसा उघडतो, ते बघायला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा. कारागिरांच्या हाताला उसंत असेल तेव्हा जा, म्हणजे नीट दाखवतील. आणि हो, विकत घ्यायची घाई नको, आधी विभागातला तंबोरा वापर.