करडईचे तेल: आयोडीन, चिकट थर आणि वर्षाचा डबा

करडईच्या तेलाविषयी त्याच शंका पुन्हा पुन्हा येतात. त्यातल्या चार घेतो.

तपासणी अहवालात ‘आयोडीन मूल्य १४२’ आहे. घरात थायरॉईडचा रुग्ण आहे, हे तेल चालेल? (परळी)

तेलात आयोडीन नसते. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते, त्याचा हा आकडा आहे. करडईला १४२ योग्यच. रुग्णाच्या पथ्याचे मात्र डॉक्टरांना विचारा.

थंडीत खोबरेल गोठते, करडईचे तेल का नाही? भेसळ असेल? (जिंतूर)

नाही. गोठले असते तर पामतेलाची शंका घ्यायची. पण पातळ राहिले म्हणून शुद्ध, असेही नाही. सोयाबीन तेल मिसळले तर ते प्रयोगशाळेतच कळते.

मार्चमध्ये घाण्यावरून वर्षाचे तेल आणले. दिवाळीला डब्याच्या तोंडाशी राळेसारखा चिकट थर दिसला. शेजारी म्हणतात, घाणेवाल्याने काहीतरी मिसळले. (औसा)

ऐकीव गोष्टीवर घाणेवाल्याला चोर ठरवू नका. या तेलाचा गुणधर्मच तसा आहे. त्यात सुमारे ७५ टक्के लिनोलिक आम्ल असते. त्याच्या रेणूत दोन दुहेरी बंध असतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी क्रिया त्या दोहोंच्या मधल्या जागेपासूनच सुरू होते. मग रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ थर सुकत जातो. रंग-वार्निशात हे तेल वापरतात ते यामुळेच. तुमच्या डब्याच्या काठावर तेच घडले.

माझी खरी काळजी डब्यातल्या तेलाची आहे. तेल आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून सुरुवातीला तयार होणाऱ्या पेरॉक्साइडला वास नसतो. खवट वास येतो तेव्हा बिघाड बराच पुढे गेलेला असतो, आणि तरीही लोक ‘फोडणीत खपून जाईल’ म्हणत महिनोन्‌महिने वापरतात. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या खोलीत अर्धा रिकामा डबा म्हणजे ऊन आणि हवा दोन्ही. वर्षाचे तेल भरायची पद्धत मोडा. करडई वाळवून पोत्यात ठेवा आणि महिन्यापुरतेच तेल काढून आणा. टरफलाच्या आत ते जास्त सुरक्षित असते. डबा गच्च बंद करून अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. नव्या तेलात जुने मिसळू नका. तुमच्या तेलाला खवट वास येत असेल तर टाकून द्या. वास नसेल तर खाण्याआधी पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे तेलात पेरॉक्साइड किती आहे तो आकडा, प्रयोगशाळेत तपासून घ्या. दिवाळीचा फराळ तोवर त्यात तळू नका.

‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेली बाटली महाग असते. घ्यावी का? (माजलगाव)

त्या शिक्क्यासाठी नको. कोणत्याही वनस्पती तेलात सांगण्याजोगे कोलेस्टेरॉल नसतेच, दुकानदार तुम्हाला तीच गोष्ट वेगळी करून विकतो. घरात हृदयविकार असेल तर कोणते तेल आणि किती, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.