दर्यावरची पत्रं: आजोबांची मोगरी आणि धार नसलेली छिन्नी

गेल्या अंकात मी शिडाच्या होड्यांच्या क्लबांबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली चार इथे घेतलीयत. पहिल्या पत्रावर जरा जास्तच लिहिलंय कारण ते वाचून मला रात्री झोप लागली नव्हती.

प्रश्न: ताई, माझे आजोबा मूळचे गुहागरकडचे, मुंबईत अपोलो बंदरावर यॉटवर खलाशी होते असं घरी सगळे सांगतात. ते जाऊन वीस वर्षं झाली. आता गावच्या घराच्या माळ्यावर त्यांची पेटी सापडली, त्यात एक लाकडी मोगरी, तीन बोथट छिन्न्या (एकीच्या तोंडाला मधोमध खाच आहे) आणि काळपट पडलेली कापसाची गुंडी. बाबा म्हणतात भंगारात दे. हे सगळं कशाचं असेल? आणि क्लबच्या इतिहासात आजोबांसारख्या लोकांचं नाव कुठे असतं का हो? — एक नात, डोंबिवली

उत्तर: अगं आधी एक कर, बाबांना सांग की ती पेटी कुठेही जाणार नाही.

त्या छिन्न्यांना धार नाही म्हणून त्या झिजलेल्या वाटत असतील, पण त्या मुळातच बोथट असतात. जुन्या यॉटच्या अंगाला सागाच्या फळ्या एकीला एक भिडवून लावलेल्या असायच्या आणि दोन फळ्यांच्या मधे बाहेरच्या बाजूला बारीक फट ठेवलेली असायची, त्या फटीत कापसाची पिळलेली वात छिन्नीने आणि मोगरीने ठोकून ठोकून बसवायची, वर लांबी (पुट्टी) भरायची, मग रंग. छिन्नीला धार असती तर कापूस तुटला असता. खाचवाली छिन्नी शेवटी वापरतात, बसलेली वात सारखी करून अजून आत दाबायला. बोट पाण्यात उतरली की लाकूड फुगतं, फळ्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि पाणी बंद होतं. वात सैल राहिली तर बोट गळणार, आणि फार ठासून भरली तर लाकूड फुगल्यावर फळ्यांवर आणि आतल्या वाकांवर, म्हणजे बोटीच्या फासळ्यांवर, इतका ताण येतो की काहीतरी उसवतंच. किती भरायचं हे कुठल्या पुस्तकात मापाने लिहिलेलं नसतं, मोगरीच्या आवाजावरून कळतं. फट नीट भरत आली की आवाज बदलतो, भरीव येतो. मला हे ज्या तांडेलकाकांनी शिकवलं ते काम करताना बोलायचे नाहीत आणि दुसऱ्यालाही बोलू द्यायचे नाहीत, कान तिकडे पाहिजे म्हणायचे. तेव्हा तुझे आजोबा नुसते दोऱ्या ओढणारे खलाशी नसणार, बोटीचं अंग सांभाळणारं माणूस असणार ते.

आता इतिहासाचं. अपोलो बंदरावरचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा, त्याला रॉयल हा किताब १८७६ मधे मिळाला. समोरचं गेटवे ऑफ इंडिया १९२४ मधे खुलं झालं, म्हणजे क्लब गेटवेपेक्षा पाऊणशे वर्षांनी जुना. क्लबची आजची इमारत १८९० च्या दशकातली, आणि त्याच्याजवळचं जे जुनं क्लबहाऊस होतं ते स्वातंत्र्यानंतर अणुऊर्जेच्या कामासाठी गेलं, होमी भाभांची टाटा इन्स्टिट्यूट १९४९ पासून काही वर्षं तिथेच होती, अजूनही त्या जागेला ओल्ड यॉट क्लब म्हणतात. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. इंग्रजांच्या काळात ह्या क्लबात भारतीय माणसाला मेंबर होता येत नव्हतं हेही वाचायला मिळतं. पण त्याच काळात साहेब सुकाणूवर बसलेला असायचा तेव्हा शीड चढवायला, नांगर टाकायला, पावसाळ्याआधी बोट किनाऱ्यावर ओढायला आणि नंतर परत पाण्यात घालायला आपलीच माणसं होती, कोळी, खारवी, भंडारी, गाबीत, दालदी, कोकणातल्या खाडीकाठच्या गावांतली. क्लबमधे जिंकणाऱ्याचं नाव ट्रॉफीवर कोरतात, कमोडोरचं, म्हणजे क्लबच्या प्रमुखाचं, नाव लाकडी फलकावर सोनेरी अक्षरात असतं, पण ज्याने बोट कोरडी ठेवली त्याचं नाव फार तर पगाराच्या वहीत, आणि तेही नुसतं पहिलं नाव. हे मला लागतं. मेंबर बदलत राहतात, बदली होऊन जातात, पण कुठल्या वाऱ्याला बंदरात कुठे भोवरा येतो आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी चढणाऱ्या, भरतीला कुठे पाणी कमी पडतं हे त्या माणसांकडून पुढच्यांकडे आलंय.

तर नाव शोधत बसण्यापेक्षा तू लिहायला घे. गावात आजोबांच्या बरोबरीचं कुणी हयात असेल तर ह्या मे महिन्यातच जाऊन ये, पुढच्या वर्षावर टाकू नको. मोबाईल समोर ठेव आणि मोगरी त्यांच्या हातात दे, प्रश्न विचारायची गरजच पडणार नाही, हातात वस्तू आली की माणूस बोलायला लागतं. ते नाळ म्हणतील, पठाण म्हणतील, दामण, मतलई, उधाण, असे शब्द येतील तसेच लिही, दुरुस्त करू नको. कुठल्या बोटीवर होते, तिचं नाव ते कसं उच्चारायचे, मालकाला काय हाक मारायचे, सुट्टी कधी मिळायची, पावसाळ्यात गावी शेती होती का, हे सगळं. जुना फोटो असेल तर मागे पेन्सिलने नावं लिही. मग ह्याची एक प्रत क्लबला दे, एक गावच्या शाळेला. आणि छिन्न्यांना गंज धरला असेल तर हलक्या हाताने तेल लाव, पॉलिश पेपर अजिबात नको, आजोबांच्या हाताने पडलेले डाग आहेत ते.

प्रश्न: पुण्याजवळच्या एका धरणावर आमचा छोटा सेलिंग क्लब आहे. दोन जुन्या प्लायवुडच्या एंटरप्राइज आहेत, निळ्या शिडाच्या. नवीन कमिटीचं म्हणणं आहे की त्या विकून फायबरच्या लेसर घेऊ, मेंटेनन्स नाही, तरुण मुलं येतील. जुने मेंबर रुसलेत, रविवारी यायचेच बंद झाले. मी मधे अडकलोय. — कमिटीतला एक

उत्तर: दोन्ही बाजूंना थोडं थोडं बरोबर म्हणता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं, पण माझं मत सांगते, एक एंटरप्राइज तरी ठेवा.

कारण फक्त जुनी आहे हे नाही. लेसर एकट्याची बोट आहे. फार सुंदर बोट आहे, १९९६ पासून ऑलिम्पिकमधे आहे, मुलांनी ती शिकलीच पाहिजे. पण एंटरप्राइज दोघांची आहे, एक सुकाणूवर आणि एक पुढे जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, सांभाळायला, आणि ह्या दोन माणसांत सत्तर वर्षाचे काका आणि चौदा वर्षाची मुलगी असं बसू शकतं. ज्या क्लबात सगळ्या बोटी एकेकट्याच्या झाल्या तिथे मी बघितलंय, मुलं येतात, आपापली बोट लावतात, रेस करतात, गाडीत बसतात आणि जातात. शिकवणारा किनाऱ्यावरून भोंग्याने ओरडतो. दोघांच्या बोटीत मात्र वारा पडला की गप्पा होतात, आणि शिकणं त्या गप्पांत होतं. भारताने १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत सोनं मिळवलं ते ह्याच एंटरप्राइजमधे, हे तुमच्या मुलांना ती निळी शिडं दाखवून सांगा.

लाकूड टिकत नाही हे कमिटीचं म्हणणं मला मान्य नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मधे सागाचं ट्रिंकोमाली जहाज बांधलं, ते आज इंग्लंडमधे हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. अर्थात तुमची बोट प्लायवुडची आहे, साग नाही, आणि तुमचं पाणी गोडं आहे, गोड्या पाण्याने लाकूड खाऱ्यापेक्षा लवकर कुजतं हे लक्षात घ्या. खरा शत्रू तर धरणाचं पाणीही नसतं, बोटीत साचलेलं पावसाचं पाणी असतं. बोट उतरती टेकवून ठेवा, बुचं काढून ठेवा, वर ताडपत्री टाका पण दोन्ही टोकांना हवा खेळती ठेवा, नुसती घट्ट गुंडाळली तर आत घाम धरतो आणि सगळ्यात आधी कोपरे मऊ पडतात. पेचकसाचं टोक दाबून बघा, आत गेलं की तिथलं लाकूड गेलं, तेवढाच तुकडा कापून नवीन बसवता येतो.

आणि रुसलेल्यांना मीटिंगला बोलावू नका, कामाला बोलवा. जूनमधे एका शनिवारी फोन करा, काका, बोट उलटी घातलीये, तुम्ही या, सँडपेपर आहे, चहा आहे. मी पूर्वी ज्या क्लबात होते तिथे आमची लाकडी बोट कुणालाही न विचारता विकली गेली, आम्हाला कळलं तेव्हा ती एका हॉटेलच्या दारात उभी होती आणि तिच्यात माती भरून फुलझाडं लावली होती. ज्या दोघांनी पंधरा वर्षं तिला रंग दिला होता ते परत कधी क्लबवर आले नाहीत. म्हणून विकायचं ठरलंच तर निदान आधी त्यांना सांगा.

प्रश्न: माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तिला सेलिंग शिकायचंय. आमच्याकडे कुणी कधी केलेलं नाही. तिला पोहता येतं पण फार नाही. शिवाय यॉट क्लब म्हणजे श्रीमंत लोक आणि इंग्रजी, तिथे तिला परकं वाटेल का ही भीती आहे. — आई, ठाणे

उत्तर: दहा हे अगदी योग्य वय. ती ऑप्टिमिस्टमधे बसेल, ती चौकोनी तोंडाची छोटीशी बोट, फ्लोरिडाच्या क्लार्क मिल्स यांनी १९४७ मधे लहान मुलांसाठी बनवलेली, साधारण २.३ मीटर लांब, एकच शीड, आणि पंधरा वर्षापर्यंतची मुलं तिच्यात रेस करतात. ती उलटते. हे आधीच सांगते म्हणजे तुम्ही किनाऱ्यावर घाबरणार नाही. पहिल्या काही दिवसांत मुद्दाम उलटवायलाच लावतात, मग मुलाने मधल्या फळीवर वजन टाकून बोट सरळ करायची, आत चढायचं आणि बादलीने पाणी काढायचं. बोटीत हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात त्यामुळे ती बुडत नाही. पोहण्याचं म्हणाल तर वेगापेक्षा पाण्यात न घाबरणं महत्त्वाचं, तलावात एकदा टीशर्ट आणि लाइफ जॅकेट घालून उतरवा, सवय होऊ दे. लाइफ जॅकेट घातलं नसेल तर बोटीत पाय नाही, ह्याला कुठल्याही दिवशी सूट नाही, कितीही वारा पडलेला असला तरी.

पैशाचं खोटं बोलणार नाही, काही क्लबांत मेंबर होणं परवडत नाही. पण शिकायला मेंबर व्हावं लागतंच असं नाही, मुलांच्या सुट्टीतल्या बॅच असतात त्या विचारा. आणि आठवीत गेली की एनसीसीची नेव्हल विंग ज्या शाळेत आहे तिथे सेलिंग शिकायला मिळतं, ती वाट अजिबात कमी दर्जाची नाही.

परकं वाटण्याबद्दल. पहिले दोन रविवार वाटेल. पण बोट ओढून पाण्यात न्यायला चार जण लागतात आणि त्यात कोण कुठल्या शाळेचं हे कुणी विचारत नाही. तुम्ही पण नुसत्या बाकावर बसू नका, शिडाची घडी घालायला शिका, रेसच्या वेळी कुठली बोट किती वाजता आली हे वहीत लिहायला माणूस नेहमी कमी असतं, ते काम मागून घ्या. आणि तिला घरी दोन गोष्टी नक्की सांगा, दिलीप दोंदे २००९ मधे मुंबईहून एकटे शिडाच्या बोटीने निघाले आणि २०१० मधे पृथ्वीला फेरी मारून परत आले, असं करणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांची म्हादेई ही बोट गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. आणि नौदलाच्या सहा जणी २०१७ मधे तारिणी ही शिडाची बोट घेऊन गोव्याहून निघाल्या, त्याही २०१८ मधे जगाला वळसा घालून आल्या.

प्रश्न: आमच्या कोळीवाड्यात नारळी पुनवेला शिडाच्या होड्यांची शर्यत असते. मागच्या वर्षी एक होडी उलटली, पहिल्या नंबरावर असलेली आमची होडी मागे फिरून त्या पोरांना घेऊन आली, आणि नंबर दुसऱ्यालाच दिला. आयोजक म्हणाले नियम म्हणजे नियम. क्लबच्या शर्यतीत असं झालं तर काय करतात? — अलिबागजवळून

उत्तर: क्लबच्या शर्यतींचे जे जागतिक नियम आहेत त्यात पहिलाच नियम हा आहे, की धोक्यात असलेल्या माणसाला किंवा बोटीला शक्य ती सगळी मदत करायची. वाट कुणी द्यायची, वळसा कुठून घ्यायचा, ते सगळं ह्याच्यानंतर येतं. आणि मदत केल्यामुळे ज्याचा नंबर गेला त्याला भरपाई मागता येते, ज्युरी त्याचा नंबर ठरवून देते.

१९८८ च्या सोल ऑलिम्पिकमधे सेलिंग पुसानला होतं. कॅनडाचे लॉरेन्स लेम्यू त्यांच्या शर्यतीत दुसऱ्या जागेवर होते, वारा खूप वाढला, त्यांना सिंगापूरची दुसऱ्या शर्यतीतली बोट उलटलेली आणि माणसं पाण्यात दिसली. ते शर्यत सोडून तिकडे गेले, दोघांना बोटीत घेतलं, गस्तीची बोट येईपर्यंत थांबले, मग शर्यत पूर्ण केली तेव्हा खूप मागे पडले होते. ज्युरीने त्यांना त्या शर्यतीत दुसरा नंबरच दिला, आणि नंतर खिलाडूपणासाठी पिएर द कुबेर्तां पदकही मिळालं.

म्हणजे क्लबच्या नियमाने तुमच्या होडीला पहिला नंबर मागता आला असता. मागच्या वर्षीचं बक्षीस परत मागून गावात भांडण नको, पण ह्या वर्षी शर्यत सुटायच्या आधी हा नियम सगळ्या तांडेलांसमोर मोठ्याने वाचा, आणि दर्याला पहिला नारळ द्यायचा मान त्या होडीवाल्यांना द्या, ज्या पोरांना त्यांनी पाण्यातून काढलं ती पोरं बरोबर घेऊन.