मशीनवर बसलेली राजकन्या

प्रश्न: माझी मुलगी फॅशन डिझाइन शिकते. भरतकामाच्या मशीनवर बस म्हटलं की सांगते, 'ते कारागिरांचं काम. डिझायनरने कागदावर काढून द्यायचं.' युरोपात राजघराण्यातल्या बायकाही डिझायनर झाल्या म्हणतात. त्यांनी तरी कधी सुई हातात धरली असेल का?
– एक आई, सातारा

उत्तर: ताई, धरली होती. मुलीला ग्रँड डचेस मारिया पावलोव्हनाची गोष्ट सांगा. रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलाय, त्याची ही चुलत बहीण, जन्म १८९०चा. क्रांतीनंतर १९१८मध्ये ती देशाबाहेर पडली. पुढच्याच जानेवारीत तिच्या वडिलांना गोळ्या घातल्या. जवळचे दागिने एकेक करून विकत ती पॅरिसला पोचली.

१९२१मध्ये पॅरिसची प्रसिद्ध फॅशन डिझायनर कोको शनेल हिच्या दुकानात एका ब्लाउजच्या भरतकामावरून घासाघीस चालली होती. भरतकाम करणारी बाई ६०० फ्रँकवर अडून बसलेली. मारिया म्हणाली, मी दीडशे फ्रँक कमी घेईन. काम मिळालं, पण ते मशीनवर करायचं होतं आणि मशीन तिने आयुष्यात चालवलेलं नव्हतं! मग मशीनच्या कारखान्यात जाऊन कामगार मुलींच्या शेजारी बसून ती साधारण महिनाभरात ते शिकली.

ते शिकणं म्हणजे काय, हे मी हाताने अनुभवलंय. त्या काळचं साखळी टाक्याचं मशीन मी चालवलंय. त्यात सुईच्या जागी आकडी असते, ती दोरा खालून वर ओढते. टेबलाखाली एक दांडी असते. उजव्या हाताने ती फिरवाल तशी टाक्याची दिशा वळते, कापड वळवायचं नाही. नजर वर, हात खाली. पानाच्या टोकाशी दांडी जराशी उशिरा फिरली की साखळी सैल पडते आणि पुढचा दोरा तुटतो. मी पहिलं सरळ पान काढेपर्यंत दोन आठवडे गेले होते. त्या बाईने तर महिनाभरात शनेलची ऑर्डर घेण्याइतका हात बसवला. मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो.

तिच्या कार्यशाळेचं नाव 'कितमीर'. ओळखीच्या एका घरच्या कुत्र्याचं ते नाव होतं. तिथे तिच्यासारख्याच निर्वासित रशियन मुली कामाला होत्या. नमुने ती स्वतः काढायची. शनेलकडे प्रवेश मिळायला तिचं घराणं उपयोगी पडलं, हे खरंच. तिचा भाऊ द्मित्री तेव्हा शनेलच्या फार जवळचा होता. पण टाका सैल पडला असता तर दुसरी ऑर्डर कोणी दिली असती? १९२५च्या पॅरिस प्रदर्शनात कितमीरला सुवर्णपदक मिळालं. प्रशस्तिपत्रावर नाव आलं, 'मस्यू कितमीर', म्हणजे 'श्रीयुत कितमीर'. मालक बाई आहे, तीही राजघराण्यातली, हे आयोजकांच्या गावीही नव्हतं. निवड झाली ती नुसतं भरतकाम बघून.

मुलीला मशीनवर बसवाच, ताई. सुरुवातीला जाड सुती कापड आणि एकच रंगाचा दोरा द्या, आणि पहिले आठ दिवस फक्त वळणं काढू द्या.