काचेचा आरसा की बेरिलियमचा?

प्रश्न : जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीचा आरसा काचेऐवजी बेरिलियम या धातूचा आहे, असं वाचलं. आमच्या शाळेच्या दुर्बिणीतला ८ इंची काचेचा आरसा खाऱ्या हवेने डागाळला आहे. तो मागून पोखरून हलका केला आणि वर सोन्याचा मुलामा दिला तर टिकेल का? – एक शिक्षिका, वेंगुर्ले

उत्तर : पोखरू नका आणि सोनंही लावू नका.

बेरिलियम हलकं आहेच, पण निवडीमागे तापमानही होतं. वेबचा आरसा उणे २२० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही थंडीत काम करतो. तिथे बेरिलियमचं आकुंचन-प्रसरण जवळजवळ थांबतं. तुमच्या गच्चीवर मात्र ते बोरोसिलिकेट (उष्णतेने कमी प्रसरण पावणाऱ्या) काचेच्या तिपटीहून जास्त प्रसरण पावेल.

पोखरणं तर फारच नाजूक काम. वेबच्या १८ षटकोनी तुकड्यांपैकी प्रत्येकासाठी सुमारे २५० किलोचा ठोकळा मागून त्रिकोणी खण पाडत कोरला, उरलं जेमतेम २१ किलो. पॉलिश करताना खणावरचा पातळ पृष्ठभाग दाबाखाली किंचित खचतो, खणांमधल्या फासळीवरचा (म्हणजे भिंतीवरचा) खचत नाही. त्यामुळे फासळीवर जास्त घासलं जातं. दाब काढला की खचलेला भाग वर येतो आणि खणांची नक्षी आरशावर उमटते. शिवाय तितकं गार होईपर्यंत आकार बदलतो. म्हणून आरसा गार करून मोजायचा, पुन्हा सामान्य तापमानाला आणून त्या चुकीच्या नेमकं उलट घासायचं. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते, तेव्हा शाळेत बेरिलियमचा विचारही नको.

वेबला हवे असलेले अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सोनं उत्तम परावर्तित करतं, निळा प्रकाश मात्र निम्म्याहून कमी. तुम्हाला ॲल्युमिनियमच हवं, वर सिलिकाचा संरक्षक थर असलेलं.

डाग पडतात ते मिठामुळे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचे कण पाणी ओढून घेतात, आणि ते खारं पाणी मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून शिरून ॲल्युमिनियम खातं. कोरड्या फडक्याने पुसलंत तर तेच कण ओरखडे पाडतील. आधी डिस्टिल्ड वॉटरची धार सोडा. मग थेंबभर सौम्य लिक्विड साबणाच्या पाण्यात आरसा बुडवून कापसाचा बोळा फक्त स्वतःच्या वजनाने, दाब न देता ओढा. पुन्हा डिस्टिल्ड वॉटरने धुऊन आरसा उभा कलता ठेवून वाळवा. पावसाळ्यात तो हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करायचं.

मुलामा पार उडाला असेल तरी काच पुन्हा घासावी लागत नाही. जुना थर रसायनाने काढून निर्वात पेटीत नवा चढवून घ्या.