वाचकांचे प्रश्न : इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा किती खऱ्या?

प्रश्न : ‘न्यूज’ हा शब्द चार दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून, तर ‘पॉश’ हा बोटीच्या तिकिटावरील आद्याक्षरांतून तयार झाला, असे वाचनात आले. ते खरे आहे का?

उत्तर : दोन्ही कथा मागाहून रचलेल्या आहेत. ‘न्यूज’ हे ‘न्यू’ या विशेषणाचे अनेकवचनी रूप असून ‘नव्या गोष्टी’ एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे. फ्रेंचमधील ‘नूव्हेल’ हा शब्दही असाच घडला. शिवाय जुन्या इंग्रजी लिखाणात हा शब्द अनेकदा पाच अक्षरांनी लिहिलेला आढळतो, त्यामुळे चार दिशांचा हिशेब तिथेच कोलमडतो. ‘पॉश’विषयी असे सांगतात की हिंदुस्थानकडे येताना बोटीच्या डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची, म्हणजे उन्हापासून बचावणारी खोली घेणाऱ्या धनिकांच्या तिकिटांवर त्या अर्थाची चार अक्षरे उमटवीत, पण तसे एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. रोमानी, म्हणजे युरोपातील जिप्सींच्या भाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा, त्यावरून अर्ध्या पेनीला आणि पुढे पैशाला हा शब्द बोलीत रूढ झाला, हे मूळ मला अधिक पटण्याजोगे वाटते. आद्याक्षरे जोडून ‘रडार’, ‘लेसर’ यांसारखे शब्द घडवण्याची चाल प्रामुख्याने विसाव्या शतकातली आहे. त्यामुळे त्याआधीच्या एखाद्या शब्दाची अशी फोड कोणी सांगितली, तर आधी त्या शब्दाचा सर्वांत जुना लेखी दाखला कोणत्या सालचा, हे विचारावे. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी शब्दकोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरे व्हायला १९२८ उजाडले, ते प्रत्येक अर्थाखाली असे सालवार दाखले देण्याच्या हट्टामुळेच.

प्रश्न : ‘सेरेंडिपिटी’ म्हणजे निव्वळ नशीब का?

उत्तर : आज तो शब्द तसा वापरला जातो खरा, पण त्यामुळे त्यातला अर्धा अर्थ गळून पडतो. हा शब्द नेमका कोणी आणि कधी घडवला हे आपल्याला ठाऊक आहे, आणि अशी संधी व्युत्पत्तीच्या अभ्यासात क्वचितच मिळते. इंग्रज लेखक होरेस वॉलपोल याने २८ जानेवारी १७५४ रोजी फ्लॉरेन्स येथील आपला मित्र होरेस मान याला लिहिलेल्या पत्रात तो प्रथम वापरला. सेरेंडिप, म्हणजेच श्रीलंका, येथील तीन राजपुत्रांची एक कथा त्याने वाचली होती. अरबी ‘सरनदीब’ हे त्या बेटाचे नाव आपल्या ‘सिंहलद्वीपा’शी नाते सांगते. त्या कथेतील एक प्रसंग वॉलपोलने पत्रात सांगितला आहे. वाटेच्या उजवीकडचे गवत चांगले असूनही फक्त डावीकडचे निकृष्ट गवत खाल्लेले दिसले, त्यावरून नुकतेच इथून गेलेले खेचर उजव्या डोळ्याने आंधळे असले पाहिजे, हे एका राजपुत्राने ओळखले. ते खेचर शोधायला कोणी निघाले नव्हते. कुरतडलेले गवत वाटेत दिसले हा योगायोग, पण त्याचा अर्थ लावणे ही बुद्धी. ‘योगायोग आणि चाणाक्षपणा’ या दोहोंचा वॉलपोलने मुद्दाम एकत्र उल्लेख केला आहे. लॉटरी लागली तर तिला ‘सेरेंडिपिटी’ म्हणू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

प्रश्न : ‘एप्रन’ आणि ‘नॅपकिन’ हे एकाच घराण्यातले शब्द आहेत, असे म्हणतात. मग ‘एप्रन’मधला ‘न’ कुठे गेला?

उत्तर : तो शेजारच्या शब्दाने पळवला. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो ‘नॅप्रन’. इंग्रजीत स्वराआधी ‘अ‍ॅन’ आणि व्यंजनाआधी ‘अ’ हे उपपद येते, आणि भरभर बोलताना ‘अ नॅप्रन’ व ‘अ‍ॅन एप्रन’ यांतला फरक कानाला कळत नाही. पंचासाठी असलेला ‘अंपायर’ हा शब्द असाच ‘न’ गमावून बसला. मुळात तो ‘नूंपेर’, म्हणजे दोन बाजूंच्या जोडीत न मोडणारा तिसरा माणूस. उलट ‘निकनेम’ने ‘न’ कमावला, कारण मूळ शब्द ‘एकनेम’, म्हणजे जोडनाव. ‘ऑरेंज’चेही उदाहरण इथे नेहमी दिले जाते, पण संस्कृत ‘नारंग’मधला ‘न’ इंग्रजीत पोहोचण्यापूर्वी, फ्रेंच-इटालियनच्या प्रदेशातच गळला होता. स्पॅनिश ‘नारांहा’ने तो टिकवला आहे.

प्रश्न : ‘मंगूस’चा ‘गूस’ म्हणजे हंसाशी काही संबंध आहे का?

उत्तर : नाही. तो आपला मुंगूस आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत गेला आणि तिथल्या ओळखीच्या शब्दाप्रमाणे त्याचे स्पेलिंग वळले. म्हणूनच त्याचे अनेकवचन ‘मंगीस’ होत नाही.

प्रश्न : शब्दकोशात चुकून एखादा शब्द शिरतो का?

उत्तर : शिरतो, आणि त्याचे गाजलेले उदाहरण म्हणजे ‘डॉर्ड’. वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाच्या १९३४ च्या आवृत्तीत त्याचा अर्थ ‘घनता’ असा दिला होता. रसायनशास्त्राच्या संपादकाने १९३१ मध्ये एक चिठ्ठी पाठवली होती : मोठा ‘डी’ किंवा लहान ‘डी’, अर्थ घनता. ती संक्षेपांच्या यादीत जायची, ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. छपाईसाठीच्या चिठ्ठ्यांवर शब्दाची अक्षरे सुटी सुटी लिहिण्याची पद्धत होती, त्यामुळे ‘किंवा’ अर्थाचा मधला इंग्रजी शब्द दोन्ही ‘डी’ना चिकटला, त्याला उच्चारही बहाल झाला आणि तो नाम म्हणून छापला गेला. १९३९ च्या फेब्रुवारीत या शब्दाला व्युत्पत्तीच दिलेली नाही, हे एका संपादकाच्या ध्यानात आले आणि मगच तो पकडला गेला. ‘सिलॅबस’ मात्र पकडला गेला नाही. प्राचीन रोमन वक्ता सिसेरो याच्या पत्रांत पुस्तकाच्या गुंडाळीवरील नावाच्या पट्टीसाठी आलेला ग्रीक ‘सित्तिबा’ हा शब्द पंधराव्या शतकातील छापील प्रतींत चुकीचा वाचला गेला, आणि ती चूकच आज विद्यापीठांत अभ्यासक्रमाचे नाव म्हणून नांदते आहे.