पोट्ट्यांना पाणबुडी दाखवायला नेताय?

गोंदियाहून समता एक्सप्रेस थेट विशाखापट्टणमला जाते. सोमवार तेवढा टाळा, त्या दिवशी तिथलं कुरसुरा पाणबुडीचं संग्रहालय बंद असतं. १९६९ ते २००१ नौदलात राबलेली ही पाणबुडी २००२ पासून रामकृष्ण बीचवर आहे. लांबी ९१ मीटर, पण आत ऐसपैस काही नाही जी. कप्प्यांमधली दारं गोल अन् अरुंद. आधी एक पाय टाका, मग मान वाकवून अंग. उलटं केलं की कपाळ लोखंडावर आपटतं. पाठीवरची बॅग हमखास अडकते.

टॉर्पेडोच्या नळ्या पुढे ६, मागे ४. पोट्टे तिथंच रेंगाळतात. खरी गंमत इंजिनाजवळ. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून खोल पाण्यात मोटर बॅटरीवर चालते. निवृत्त नौसैनिक समजावतात, बिनधास्त विचारा.