बदकाची अंडी घरी पहिल्यांदाच उबवायची आहेत. कोंबडीच्या अंड्यांचीच पद्धत चालेल का?

खानापूर तालुक्यातील नातेवाइकांकडून आपल्याला बदकाची दहा-बारा अंडी मिळणार आहेत आणि कोंबडीच्या पिलांसाठी घरी तयार केलेल्या थर्माकोलच्या इनक्युबेटरमध्ये ती त्याच पद्धतीने उबवता येतील का, असे आपण विचारले आहे. अंडी त्याच पेटीत उबवता येतील आणि तापमानही जवळजवळ तेच ठेवावे लागेल. ओलाव्याचे गणित मात्र निराळे आहे आणि घरगुती प्रयत्न बहुधा तिथेच फसतात. निपाणीकडे आमच्या घरी बदके आहेत आणि त्यांची अंडी आम्ही घरीच उबवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम नातेवाइकांना बदकाची जात विचारून घ्यावी. गावठी बदक, खाकी कॅम्पबेल किंवा पेकिन असेल तर पिले २८ दिवसांनी बाहेर येतात; तोंडावर लाल खडबडीत कातडी असलेले मस्कोव्ही असेल तर सुमारे ३५ दिवस लागतात. कळपात नर आहे ना, हेही विचारावे, कारण नराशिवाय घातलेल्या अंड्यांतून पिले निघत नाहीत. अंडी आठवड्याच्या आतली असावीत, फ्रिजमध्ये ठेवलेली नसावीत आणि शक्यतो धुतलेली नसावीत. कवचावर जंतूंना अडवणारा एक नैसर्गिक थर असतो, तो धुण्याने निघून जातो. म्हणून चिखलाने माखलेली अंडी धुऊन वापरण्यापेक्षा स्वच्छ अंडीच निवडलेली बरी. खानापूरहून गाडीने आणलेली अंडी निमुळते टोक खाली करून रात्रभर थंड जागी स्थिर ठेवावीत आणि मगच बसवावीत.

पेटी रिकामी असतानाच एक दिवस चालवून तापमान स्थिर होते का, ते पाहावे. आत पंखा असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीवर मोजून ३८.३ अंशांच्या आसपास ठेवावे. बाजारातील स्वस्त तापमापक एखाद्या अंशाने सहज चुकतात, म्हणून कोमट पाण्यात तो आणि तापाचा थर्मामीटर एकत्र धरून दोन्हींतला फरक टिपून ठेवावा. अंडी आडवी ठेवावीत, पेन्सिलीने एका बाजूस फुली आणि दुसऱ्या बाजूस गोल काढावा आणि ती दिवसातून तीन किंवा पाच वेळा उलटवावीत. संख्या विषम ठेवण्याचे कारण असे की रात्रीच्या दीर्घ वेळात अंडे रोज एकाच कुशीवर पडून राहत नाही.

आता ओलाव्याविषयी. उबवणीच्या काळात अंड्यातील पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू बाहेर पडते आणि जाड टोकाकडील हवेची पोकळी वाढत जाते. पिलू आपला पहिला श्वास याच पोकळीतील हवेतून घेते. पाणी फार कमी उडाले तर पोकळी लहान राहते आणि पिलू फुगलेले व ओलेगच्च राहून आतच गुदमरते. फार जास्त उडाले तर आतील पापुद्रा वाळून पिलाला चिकटतो. त्यामुळे पहिले २५ दिवस आर्द्रता ५५ ते ६० टक्के असावी, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. आपल्या भागातील अनेकांचा असा समज असतो की खानापूरच्या पावसाळ्यात पेटीत पाणी ठेवण्याची गरजच नाही. तो बरोबर नाही. बाहेरची २३ अंशांची दमट हवा, तिच्यात ९० टक्के आर्द्रता असली तरी, ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. चिकोडी-अथणीकडच्या उन्हाळ्यातील कोरड्या हवेची अवस्था तर याहून बिकट असते. पाण्याची वाटी बाराही महिने लागते, फक्त तिच्या पृष्ठभागाचा पसारा ऋतूप्रमाणे कमी-जास्त करावा लागतो.

आर्द्रतामापकापेक्षा माझा विश्वास वजनकाट्यावर अधिक आहे. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर अंडी बसवण्यापूर्वी तोलावीत आणि दर आठवड्याला पुन्हा तोलावीत. २५व्या दिवसापर्यंत वजन साधारण १३ टक्क्यांनी घटले पाहिजे, म्हणजे ७० ग्रॅमचे अंडे ६१ ग्रॅमच्या जवळ यावे. घट वेगाने होत असेल तर पाणी वाढवावे, मंद असेल तर कमी करावे. दहाव्या दिवसानंतर रोज एकदा झाकण उघडून अंडी दहा-पंधरा मिनिटे निववावीत आणि त्यांच्यावर कोमट पाण्याचा हलका फवारा मारावा, हेही मी सुचवेन. बदकीण चरायला उठते आणि ओल्या पिसांनी परत येऊन बसते, त्याचेच हे अनुकरण आहे.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर अंडे धरून पाहावे. लाल शिरांचे जाळे दिसले तर गर्भ वाढतो आहे. काहीच न दिसणारी अंडी चौदाव्या दिवशी पुन्हा तपासून काढावीत. दुर्गंधी येणारे किंवा कवचातून पाझरणारे अंडे मात्र त्याच क्षणी बाहेर काढावे, कारण ते आत फुटले तर बाकीच्यांनाही संसर्ग होतो. वीज गेली तर पेटी उघडू नये, वरून घोंगडी घालावी आणि वेळ लांबली तर गरम पाण्याची बाटली आत ठेवावी. तास-दोन तासांच्या गारव्याने सहसा फारसे बिघडत नाही. थर्मोस्टॅट अडकून तापमान ३९.५ अंशांच्या वर चढणे कितीतरी अधिक घातक आहे.

सोमवारी संध्याकाळी बसवलेली अंडी त्यानंतरच्या चौथ्या सोमवारी फुटतील, असे धरून त्याआधी तीन दिवस अंडी फिरवणे थांबवावे आणि आर्द्रता ७० ते ७५ टक्क्यांवर न्यावी. कवचाला पहिला तडा गेल्यानंतर पिलू पूर्ण बाहेर यायला एक ते दोन दिवस लागू शकतात आणि हा काळ पाहणाऱ्याला फार जड जातो. तरीही कवच सोलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या वेळी पापुद्र्यातील रक्तवाहिन्या अजून चालू असतात आणि उरलेला बलक पिलाच्या पोटात शोषला जात असतो. घाईने ओढलेले पिलू रक्तस्रावाने दगावते. बलक पोटात असल्यामुळे बाहेर आलेल्या पिलाला पहिला दिवसभर दाण्या-पाण्याची निकड नसते, म्हणून पिसे वाळेपर्यंत त्याला पेटीतच राहू द्यावे.

घरात खुडूक कोंबडी असेल तर पहिल्या खेपेला मी तिलाच प्राधान्य देईन. तिच्याखाली बदकाची आठ-दहा अंडी मावतात. मात्र ही अंडी जड असल्याने ती दिवसातून दोन-तीन वेळा आपण हाताने उलटवावीत, कोमट पाणी शिंपडावे, आणि कोंबडी २१ दिवसांनंतरही बसून राहते ना, यावर लक्ष ठेवावे.

पिले निघाल्यावर पहिल्या आठवड्यात ३२ अंशांची ऊब द्यावी आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी ती कमी करावी. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नये, त्यावर पाय घसरून फाकतात, गोणपाट चांगले. कोंबडीच्या पिलांचे खाद्य चालते, पण बदकाच्या पिलांना नायसिन (एक ब-जीवनसत्त्व) अधिक लागते, नाहीतर पाय वाकतात. त्यासाठी खाद्यात थोडे ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरले जाणारे यीस्ट) मिसळावे. पाण्याचे भांडे चोच व नाकपुड्या बुडतील एवढे खोल, पण पिलू आत पडणार नाही असे असावे. इनक्युबेटरमधील पिलांना आईच्या पिसांचे तेल मिळालेले नसते, ती भिजून गारठतात; त्यामुळे अंगावर खरी पिसे येईपर्यंत त्यांना टाकीत किंवा ओढ्यात पोहायला सोडू नये.